एका किल्लीचे पाच मालक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता आठवायची म्हटली तर डोकं खाजवावं लागतं. डेगींचं प्रकरण मात्र न बोलावता समोर येऊन बसतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रांनी त्याची दखलही घेतली नाही. जुने सहकारी भेटले की आपापल्या मोठ्या गुन्ह्यांच्या हकिकती सांगतात आणि माझी पाळी आली की मी ही सांगतो. ते हसतात. हसू देत. मला त्या प्रकरणाचा अभिमान वाटतो, आणि तो वाटण्याचं कारण मी नाही, तिथली माणसं आहेत.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. जालना शहर संपून भोकरदनकडे रस्ता निघतो, त्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. हद्दीत शेतं होती, सळईचे कारखाने होते आणि या दोन्हींच्या मधे एक वसाहत वाढत होती. मूळचं लहान गाव आणि त्याच्या भोवती पाडलेले प्लॉट. शहरातल्या मस्तगड भागातल्या जुन्या घरांत जागा पुरेना म्हणून आलेली मुसलमान कुटुंबं, हसनाबादकडची शेती भावाच्या हाती देऊन पोरांच्या शाळेसाठी आलेले शेतकरी, कारखान्यात पाळी करणारे कामगार, बियाण्यांच्या गोदामात पाकिटं भरणाऱ्या बाया, अशी सगळी मिसळ होती. मी नाव लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल.

या वसाहतीची एक खोड होती. नवा भाडेकरू टेम्पोतून सामान उतरवू लागला की शेजारपाजारचे लोक न सांगता पलंगाला हात लावायचे, आणि त्या घरात पहिल्या दिवशी चूल पेटू द्यायचे नाहीत. एका घरातून भाकरी, दुसऱ्यातून सालन. कोण, कुठले, कशाला आलात, या चौकश्या जेवण झाल्यावर. पोलिसाला ही खोड धोक्याची वाटते. आमचं सगळं शिक्षण आधी चौकशी आणि मग बाकीचं, असं झालेलं. मी रुजू झाल्यावर पहिल्यांदा तिथे पायी फिरलो, तर इतक्या घरी चहा झाला की शेवटी माझ्या चालकाने ‘साहेबांना डॉक्टरने मना केलंय’ असं सांगून सुटका केली.

या लोकांची मिळून एक मालमत्ता होती. सामाईक भांडी. तांब्याच्या मोठ्या डेगी, पितळी पराती, पातेली, झाकणं. घराघरातून वर्गणी काढून, हळूहळू जमवलेली. ज्याने जे भांडं दिलं त्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव त्यावर कोरलेलं, कुठे मराठीत, कुठे उर्दूत. लग्न असो, तेराव्याचं जेवण असो की पीराच्या नावाने घातलेली नियाज असो, भांडी तीच. मटणाची डेग तेवढी वेगळी ठेवलेली आणि तिच्या कडीला लाल दोरा बांधलेला, म्हणजे कुणाच्या मनात किंतु नको. ही भांडी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत असत आणि खोलीची किल्ली दर पाडव्याला एका घरातून दुसऱ्या घरात जाई. भाडं नाही, अनामत नाही. नियम एकच. बाहेरच्या माणसाला भांडी द्यायची असतील तर वसाहतीतल्या कुणीतरी ‘हे आपले आहेत’ असं म्हटलं पाहिजे.

त्या वर्षी किल्ली पहिल्यांदाच एका भाडेकरूच्या घरी गेली होती. या बाई पिंपळगाव रेणुकाईकडच्या. नवरा आजारपणात गेलेला, एक मुलगी शाळेत, स्वतः बियाण्यांच्या गोदामात कामाला. अंगणवाडी मदतनीस म्हणून त्यांची नुकतीच निवड झाली होती. हे मला ठाऊक असायचं कारण, त्यांच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. त्यावर मी ‘प्रतिकूल काही नाही’ असं लिहून पाठवलं की बाईंची नोकरी पक्की. ‘गुन्ह्यात संशयित, चौकशी चालू’ असं लिहावं लागलं की जागा यादीतल्या पुढच्या बाईला. कागद त्याच आठवड्यात पाठवायचा होता.

आणि त्याच आठवड्यात भांडी गेली.

फिर्याद घेऊन आले ते वसाहतीच्या समितीचे सचिव. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. ते म्हणाले, परवा गल्लीत लग्न आहे, मुलीकडचं. भांडी धुऊन ठेवावीत म्हणून आज खोली उघडली तर आत लाकडी पाट तेवढे उरलेत. मी मधले काही दिवस मुलाकडे पुण्याला होतो, काल आलो. कुलूप शाबूत आहे. गल्लीत विचारलं तर कुणी काही पाहिलेलं नाही.

मी विचारलं, संशय कुणावर?

ते म्हणाले, “मी कुणाचं नाव घेत नाही. पण किल्ली यंदा कुणाकडं आहे ते लिहा. ती बाई इथली न्हाई, एवढंही लिहा.”

माणूस वाईट नव्हता. त्या डेगींसाठी दारोदार फिरून वर्गणी जमवणाऱ्यांत तो पहिला होता. कुलूप न तुटता माल जातो तेव्हा पहिला प्रश्न किल्लीवाल्याला, हे मीही माझ्या शिपायांना शिकवत आलो होतो. मी अज्ञात आरोपीविरुद्ध चोरीचा गुन्हा नोंदवून घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि पंचनाम्यासाठी निघालो.

कुलूप खरोखरच शाबूत होतं. कडी-कोयंडा शाबूत, पत्रा शाबूत. खोलीसमोर टेम्पोच्या चाकांचा माग होता. एवढ्या डेगी एकटादुकटा माणूस आवाज न करता उचलू शकत नाही. गल्ली अशी की एका घरात फोडणी पडली तर तिसऱ्या घरात शिंक येते. तरी कुणी काही पाहिलं नव्हतं. माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. जी गल्ली माझ्या गाडीचा आवाज ऐकून चहा टाकते, तिला टेम्पो ऐकू येऊ नये?

जबाब घ्यायला बसलो समाजमंदिराच्या ओट्यावरच. पहिला आला नवरीचा बाप. माणूस आधीच लग्नाच्या धावपळीने अर्धा झालेला. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, साहेब, किल्ली माझ्याकडे होती. लग्न माझ्या घरी, म्हणून मी आधीच मागून घेतल्ती. मी लिहून घेतलं. मला हायसं वाटलं, बाई सुटली.

दुसरा आला शिंपी. तो म्हणाला, किल्ली त्याच्या दुकानात मशीनच्या खणात होती. मग एक रिक्षावाला आला, त्याच्या मते किल्ली त्याच्या रिक्षाला लटकलेली होती, चुकून. चौथे होते शाळेतले निवृत्त गुरुजी. खोटं बोलताना त्यांची मान खाली गेली, पण बोलले. शेवटी खाला आल्या. गल्लीतली सगळ्यात वयस्कर बाई, सगळ्यांची खाला म्हणजे मावशी, माझ्या चालकाचीही. त्या तर ठणकावून म्हणाल्या की किल्ली तर कायम त्यांच्या बटव्यातच असते, बिलकुल दुसऱ्या कुणाकडे नसते, आणि पोलिसांना काय करायचं ते करू दे.

कुलूप एक, किल्ली एक आणि तिचे मालक पाच. नोकरीत मी गुन्हा नाकारणारी माणसं रोज पाहिली. गुन्हा आपल्या अंगावर घ्यायला रांग लावलेली माणसं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. पाचही जण बाईंना वाचवायला बघत होते, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण त्यांना हे कळत नव्हतं की त्यांच्या प्रत्येक खोट्याने बाई जास्तच अडकत चालली आहे. इतकी माणसं ज्या अर्थी झाकतायत, त्या अर्थी झाकण्यासारखं काहीतरी आहे, असंच कुठलाही तपासी अंमलदार म्हणेल. सचिव तर ओट्याच्या कोपऱ्यात उभे राहून हेच म्हणत होते.

बाईंचा जबाब मी महिला हवालदाराला समोर बसवून ठाण्यात घेतला. बाई घाबरलेल्या होत्या, पण रडत नव्हत्या. रडणाऱ्या माणसापेक्षा न रडणाऱ्याचा जबाब घेणं अवघड असतं. किल्ली कुणाकडे होती, असं विचारल्यावर त्या लगेच म्हणाल्या, माझ्याकडं. दुसऱ्या कुणाकडं? कुणाकडंच न्हाई. मग खोली कुणी उघडली? इथे त्या थांबल्या. मी दोनतीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. आवाज चढवला, उतरवला. शेवटी मी तो पडताळणीचा कागदच त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि म्हटलं, बाई, तुमच्या गप्प बसण्याने काय जाणार आहे ते बघा.

त्यांनी कागद पाहिला. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “साहेब, मी आल्ते तवा माझ्यापाशी एक पेटी आन् ही पोरगी होती. ह्या लोकांनी मला घर दिलं. त्यांचं नाव मी माझ्या तोंडून ठाण्यात घेणार न्हाई. नोकरी जाऊ द्या.”

आता प्रकार असा झाला की गल्ली बाईंना वाचवायला खोटं बोलत होती आणि गल्लीला वाचवायला बाई बोलतच नव्हत्या. दोघांच्या मधे माझा तपास उभा. कायद्याने मला त्यांना अटक करता आली असती. वरिष्ठांनी फोनवर विचारलंही की किल्लीवाली अजून बाहेर कशी. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा साहेब, जबाबदारी माझी. असं म्हणणं सोपं नसतं, पण पाच माणसं एका भाडेकरू बाईसाठी पोलिसापुढे उघड खोटं बोलतात, तेव्हा ती बाई चोर नाही हे मला कुठल्याही पुराव्याशिवाय पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असतानाच खबर आली. खबऱ्या कसला, भोकरदन रस्त्यावरच्या एका फाट्याचा हॉटेलवाला. आमचा एक शिपाई येता-जाता त्याच्याकडे पोहे खातो. हॉटेलवाल्याने गंमत म्हणून सांगितलं होतं की मागे एक दिवस एक म्हातारा त्याच्या बाकड्यावर दुपारपासून दिवस कलेपर्यंत बसून होता. कुठे जायचंय विचारलं तर म्हणे टेम्पो येणार आहे. आणि त्याच्या हातात हातभर लांबीचा कफगीर होता, म्हणजे डेगीत फिरवायचा मोठा झारा. अखेर तो झारा खांद्यावर टाकून जालन्याच्या बसमध्ये चढला.

शिपायाने हे हसत हसत सांगितलं. मी हजेरी तिथेच सोडली.

आमच्या हद्दीत असा झारा बाळगणारा माणूस एकच. त्याच वसाहतीतले चाचा. जातीचा बावर्ची. लग्नात आचारी दुसरा असला तरी डेग चुलीवरून कधी उतरवायची हे चाचाच सांगणार, असा त्यांचा मान. आणि काल माझ्यापुढे किल्लीचे पाच मालक आले, त्यात चाचा नव्हते. ते आजारी आहेत, असं मला सांगण्यात आलं होतं.

मी गणवेश बदलून, एकटाच त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या सुनेने चहा आणला. मी चहा घेतला आणि काही न विचारता बसून राहिलो. चौकशीतली ही युक्ती मला कुणी शिकवलेली नाही. ज्याला लाज वाटते आहे त्याला प्रश्न विचारला तर तो आणखी आत जातो. त्याच्याजवळ बसून राहिलं तर तो बाहेर येतो. तसंच झालं. चाचा उठून बसले, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबले नाहीत.

झालं होतं ते असं. भर दुपारी एक माणूस टेम्पो घेऊन गल्लीत आला. चेहरा उतरलेला, डोक्याला रुमाल. म्हणाला, आजी वारली, आज तेरावं, हसनाबादच्या पलीकडे आमची वाडी, ठरलेली भांडी ऐनवेळी मिळाली नाहीत. गल्लीच्या टोकाला एक कारखान्यातला कामगार राहतो, त्याचा मी मेहुणा. तो कामगार तेव्हा पाळीवर होता. पण सुतकाचं घर म्हटल्यावर गल्लीला पुढचं काही ऐकू आलं नाही. खालांनी त्याला बसवून पाणी दिलं, चहा दिला. आजीचं वय विचारून हळहळ केली. बाई किल्ली घेऊन आल्या.

“आन् साहेब,” चाचा म्हणाले, “बाईनं विचारल्तं. ती एकटी म्हन्ली, मेहुण्याला फोन लावा, त्यानं आपले हायेत म्हणू द्या, मंग उघडते. आम्हीच तिला चूप बसवलं. गुरुजी म्हन्ले, मयताच्या घराची काय चौकशी करायची. शिंपी म्हन्ला, आम्ही सगळे हावोत ना. मी म्हन्लो, बाई, जल्दी उघड, तिकडं लोक उपाशी बसले असतील. मंग तिनं उघडलं.”

उघडल्यावर गल्लीने काय करावं? डेगी उचलून टेम्पोत चढवल्या. नवरीच्या बापाने दोर बांधून दिला. रिक्षावाल्याने टेम्पो मागे घ्यायला हात दाखवला. चोर टेम्पोत बसून पाहत होता. तो निघणार तेवढ्यात चाचांना वाटलं, वाडीवर एवढी मोठी डेग कुणाला सांभाळता येणार, अन्न करपलं तर मयताच्या घरी वाईट दिसेल. म्हणून ते स्वतःचा झारा घेऊन चोराच्या शेजारी जाऊन बसले. रोजगार वगैरे काही नाही, असंच, मदतीला. चोराला नाही म्हणता येईना.

फाट्यावर त्याने टेम्पो थांबवला. चाचांना हॉटेलात बसवलं, म्हणाला, तुम्ही नाश्ता करा, मी डिझेल भरून आलो. चाचा बसले. दिवस कलला तरी बसले. कळायचं ते कळलं, पण घरी जाऊन सांगायचं तोंड नव्हतं. ते परत आल्यावर लोकांनी विचारलं, जेवण कसं झालं? चाचा म्हणाले, चांगलं झालं, भांडी धुऊन आणून देतील. झाल्या प्रकाराचा उलगडा सचिवांनी खोली उघडली तेव्हा झाला. तेव्हा गल्लीने ठरवलं की ती दुपार झालीच नाही. कारण ती सांगायची म्हणजे कुलूप बाईंनी आपल्या हाताने उघडलं, हे सांगावं लागेल, आणि पोलीस तेवढंच लिहून घेतील.

“माझ्या हातच्या डेगीत सारं गाव जेवलं, साहेब,” चाचा म्हणाले. “आन् मी चोराच्या बाजूला बसून गेल्तो. माझ्यापायी ती बाई फसून राह्यली, आन् मी इथं भिंतीकडं तोंड करून पडलो.” त्यांना रडू आलं. मी त्यांचा हात धरला. पोलिसाने साक्षीदाराचा हात धरू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

मी एवढंच विचारलं, चाचा, त्या हॉटेलात तुमच्या नाश्त्याचे पैसे कुणी दिले?

त्यानंच दिले, ते म्हणाले. मोबाइलवरनं. हॉटेलवाल्याला बोलला, चाचांना काय लागंल ते द्या.

तिथे गुन्हा उघडकीला आला. हॉटेलवाल्याच्या मोबाइलमध्ये ती नोंद होती आणि नोंदीला नंबर होता. दुपार व्हायच्या आत सायबर शाखेकडून पत्ता मिळाला आणि दिवस मावळायच्या आत माणूस ताब्यात होता. पूर्वी एका केटररकडे वाढप्याचं काम करायचा, त्या वसाहतीतल्या एका लग्नात वाढायला येऊन गेलेला. गल्लीच्या टोकाच्या कामगाराचा तो कुणीही लागत नव्हता. डेगी जालन्यातल्या एका भंगाराच्या गोदामात ताडपत्रीखाली सापडल्या. गोदामवाल्याने त्या फोडल्या नव्हत्या. दोन लिप्यांमधली एवढी नावं कोरलेली बघून त्याचा धीर झाला नव्हता आणि तो बिल आण म्हणून अडून बसला होता.

चोराला मी विचारलं, इतका हुशार तू, आणि चहा-नाश्त्याचे पैसे मोबाइलवरून कसे दिलेस? तो खाली बघून म्हणाला, “सुट्टे नव्हते साहेब. आन् म्हातारा माझ्यासाठी आल्ता. त्याला उपाशी कसं सोडू?” मी त्याला माफ केलं नाही, तो माझा अधिकारही नव्हता. पण त्याच्या जबाबात ते वाक्य जसंच्या तसं घातलं. त्या गल्लीतला चहा पिऊन चोरही अर्धा बिघडला होता.

संध्याकाळी मी समाजमंदिरात सगळ्यांना बसवून चांगलं खडसावलं. म्हटलं, तुम्ही खरं बोलला असता तर बाई पहिल्याच दिवशी मोकळी झाली असती, कारण साऱ्या गल्लीत सावधपणे वागलेलं माणूस ती एकटी होती. तुम्ही तिचं तेवढंच झाकून ठेवलंत. गुरुजींनी मान वर केली नाही. पाचही जबाब नव्याने घेतले, या वेळी खरे. चोरीचा गुन्हा कागदावर फसवणुकीचा झाला, कारण माल चोरला नव्हता, गल्लीने हाताने चढवून दिला होता. सचिव सगळं ऐकत होते. आपल्याला कुणी काही सांगितलं नाही याचं त्यांना दुःख झालं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते मधूनच उठून घरी गेले. मी ठाण्यात परतून पडताळणीच्या कागदावर ‘प्रतिकूल काही नाही’ असं लिहिलं, सही केली आणि माणूस देऊन तो पाठवला.

पण लग्न दुसऱ्या दिवशी आणि डेगी मुद्देमालाच्या खोलीत. जप्त केलेला माल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, मग तो नवरीच्या बापाचा असो की माझ्या बापाचा. नवरीचा बाप माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. मला काही करता येत नव्हतं. वसाहतीने काय करावं? घराघरात जेवढी पातेली होती तेवढ्या चुली पेटल्या. वरण कुणाच्या घरी, वांग्याची भाजी कुणाच्या घरी, बट्ट्या तर निम्म्या गल्लीने भाजल्या. चाचा झारा घेऊन घरोघर फिरत मीठ बघत होते. मी जेवायला गेलो होतो. एका पंगतीला भाजी तिखट आणि शेजारच्या पंगतीला गोडसर, वरणाला तर दर वाढीला नवी चव. पाहुण्यांना वाटलं, इकडची पद्धतच अशी असेल. वाढायला सगळ्यात पुढे त्या बाई होत्या.

भांडी परत मिळण्याचा अर्ज नंतर कोर्टात लागला. असा माल सुपूर्तनाम्यावर देतात. म्हणजे घेणाऱ्याने लिहून द्यायचं की बोलावू तेव्हा माल हजर करीन, आणि एका जामीनदाराने सही करायची. अर्ज सचिवांचा होता. कोर्टात मागच्या बाजूला निम्मी वसाहत येऊन उभी. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्ह्याच्या वेळी ताबा कुणाकडे होता? मी सांगायच्या आत सचिव म्हणाले, किल्ली या बाईंकडे होती साहेब, आणि माल त्यांच्याच ताब्यात द्यावा. मागे उभ्या पाच जणांपैकी एकालाही त्या दिवशी किल्ली आपल्याकडे होती असं वाटलं नाही.

जामीनदार कोण, असं विचारल्यावर सचिव टेबलापाशी गेले आणि स्वतःच्या नावापुढे सही केली.

मग लिपिकाने सुपूर्तनामा बाईंना वाचून दाखवायला घेतला. सरकारी कागदात माणसाच्या नावापुढे मूळ गाव ‘राहणार’ म्हणून लिहितात आणि सध्याचा पत्ता ‘हल्ली मुक्काम’ म्हणून. पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसाला हे दोन पत्ते जन्मभर चिकटलेले असतात. लिपिकाने वाचलं, राहणार पिंपळगाव रेणुकाई, हल्ली मुक्काम अमुक वसाहत.

सचिव अजून टेबलापाशीच उभे होते. ते म्हणाले, “साहेब, ते हल्ली मुक्काम तेवढं काढा. राहणार आमच्याच इथल्या, असं लिहा.”

लिपिकाने न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. बाई ठाण्यात रडल्या नव्हत्या, तिथे रडल्या. खालांनी मागून ‘माशाअल्ला’ म्हटलं आणि कोर्टाच्या शिपायाने त्यांना गप्प बसायला सांगितलं.

मी नोकरीला लागल्यापासून लोकांच्या नावापुढे ते दोन शब्द लिहीत आलो होतो. संशयित शोधताना आमची नजर आधी हल्ली मुक्कामवाल्यावर जाते, कारण तो कुणाचा नसतो असं आम्ही धरून चालतो. या प्रकरणाने मला शिकवलं की माणूस कुणाचा आहे हे पत्त्यावरून ठरत नाही. त्याच्यासाठी खोटं बोलायला किती जण तयार होतात आणि चूक कळल्यावर त्याच्यासाठी खरी सही करायला कोण पुढे येतं, त्यावरून ते ठरतं. वसाहतीने आपली खोड सोडली नाही. नियमही तोच ठेवला. फक्त ‘हे आपले आहेत’ असं कुणी नुसतं म्हणून आता भागत नाही. कितीही माणसं म्हणाली तरी त्या बाई एकदा फोन लावून खात्री करून घेतात, तोवर सगळी गल्ली हात बांधून उभी असते, आणि भांड्यांची किल्ली त्यानंतर कुठल्याही पाडव्याला त्यांच्या घरातून हललेली नाही.